वाघचवऱ्यांचा तीन दिवसांचा ताप

८ जुलै १९७३, रविवार

मनगट दुखतं, तरी लिहितो. वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो की ज्याने निरीक्षणाची नोंद ठेवली नाही त्याने काही पाहिलंच नाही. मग विज्ञानाच्या मास्तरने तरी ती का ठेवू नये?

बार्शीकडून आलेला ताप आता सोलापुरात घरोघर शिरला आहे. ताप दोन-तीन दिवसच राहतो, पण जाताना सांधे धरून ठेवतो. आज सौ.बरोबर नवी पेठेत गेलो तर निम्मी पेठ वाकून चाललेली. एका गृहस्थाने मला वाकून नमस्कार केला असं वाटलं, म्हणून मीही केला. तो बिचारा उभाच तसा होता. सौ. म्हणाली, तुम्हीही काही फार सरळ नाही.

खरं आहे. मला ताप येऊन एकवीस दिवस झाले. उजवा घोटा आणि डावं मनगट, आणि मी डावखुरा. सकाळी अंथरुणातून उठून माणसासारखं उभं राहायला अर्धा तास लागतो.

घरात ताप पाचही जणांना आला. आई साठीची, पण चौथ्या दिवशी उठून रांजण भरू लागली. थोरली मुलगी तीन दिवसांत शाळेत गेली. सौ.ला आठवडा लागला. मी आणि धाकटी मात्र अजून वाकडे. धाकटीचं कारण उघड आहे, तिच्यात सौ.च्या माहेरचं रक्त उतरलं आहे. हे मी सौ.ला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आणि तुमच्यात कुणाचं उतरलंय?" यावर विचार करतो आहे.

११ जुलै

दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर स्वतःच काठी घेऊन बसलेले. म्हणाले, "मास्तर, विषाणू एकच आहे, डासही तेच, तुमच्या रांजणातले. पण एक माणूस तीन दिवसांत उठतो आणि दुसरा तीन महिने कण्हतो. का, ते आम्हालाही धड कळलेलं नाही. रक्तातच काहीतरी असणार. आई-बापाकडून आलेलं."

मी घरी आलो तो लंगडतच, पण डोक्यात दिवा लागलेला. दरवर्षी दहावीला वाटाण्यांचा धडा शिकवतो. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. इथे तर अख्खं सोलापूर वाटाण्यासारखं समोर पडलं आहे! सप्टेंबरअखेर शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. मी आमच्या कुळाचा तक्ता करणार. प्रत्येक माणसाला एक ठिपका. तीन-चार दिवसांत बरा झाला तर तांबडा, महिन्यावर दुखत राहिला तर काळा. वाघचवऱ्यांच्या रक्तात ताप टिकत नाही, हे मी सिद्ध करून दाखवणार.

आईला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "रगात-बिगात कशाला उकरतुस? ताप आला, गेला. दुसरं काय तरी कर की. मोराची पिसं लाव."

तिला शास्त्रातलं काय कळणार.

१५ जुलै

तक्त्यावर पहिलं नाव घालताना अडलो. स्वतःचंच. मी सही 'के. एम. वाघचवरे' अशी करतो, कारण पूर्ण नाव कोंडीबा आहे आणि त्यामागची हकिकत विज्ञानाच्या मास्तरला शोभत नाही. माझ्याआधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. अशा घरात पुढचं मूल जन्मलं की ते लगेच दुसऱ्या बाईला विकायचं, अशी आमच्याकडे रीत. काळाला वाटावं, हे मूल या घरचं नव्हे. मग तिला सूपभर कोंडा द्यायचा आणि मूल परत विकत घ्यायचं. नाव ठेवायचं कोंडीबा. शुद्ध अंधश्रद्धा! तरी मी जगलो, त्यामुळे आईला समजावणं कठीण जातं.

आज सहज विचारलं, "आई, मला विकलं होतं ते कुणाला?"

"हुती एक बाई," म्हणाली आणि चुलीत फुंकर मारत बसली. चूल चांगली पेटलेली होती.

२९ जुलै, रविवार

मंद्रुपला गेलो. आमचं मूळ गाव. कुंडलिककाका आणि त्यांचं सगळं खटलं तिथेच असतं. एकोणीस माणसांची नोंद घेतली, एकोणीस तांबडे ठिपके. फक्त काकांनी घोटाळा केला. मला पाहताच ते लंगडू लागले. म्हणाले, "लई दुकतंय रं कोंडीबा. म्हैना झाला. तुज्यासारकंच."

मी नोंद घेतली. पण सकाळी त्यांचा उजवा पाय दुखत होता आणि जेवणानंतर डावा. चारच्या सुमारास शेळी ज्वारीत शिरली तेव्हा काका कुंपणावरून उडी मारून तिच्यामागे धावले, तिला कान धरून आणलं, मला पाहिलं आणि पुन्हा लंगडायला लागले. या वेळी दोन्ही पायांनी. दुखणं असं पाय बदलत फिरतं, हे नवीन लक्षण असावं. डॉक्टरांना कळवायला हवं.

निघताना काकू म्हणाल्या, "तुज्या आईचा निरोप आला हुता की तू येनार म्हनून." आईला घरच्यांची किती काळजी.

५ ऑगस्ट

करकंबला आजोळी जाऊन आलो. बी दोन झाडांचं असतं, तेव्हा आईकडची बाजूही तपासायला हवी. बारा माणसं, बारा तांबडे. थोरले मामा ऊस तोडत होते. म्हणाले, "तीन दिस? दीड दिसात फडात हुतो मी. ताप कुनाला म्हनतोस तू?"

बापाकडून पोलाद, आईकडून पोलाद. आणि मध्ये मी, धोतराचा सोगा उचलताना ओरडणारा. काकांचं दुखणं तक्त्यात घेतलं नाही, संशयित म्हणून बाजूला ठेवलं. म्हणजे गावाकडच्या एकतीस तांबड्यांसमोर काळे ठिपके दोनच, मी आणि धाकटी. धाकटीचं माझ्यावरून आलं असं धरलं तरी माझं कुठून आलं? तो एक ठिपका अंगात काटा राहावा तसा सलतो.

आई आता म्हणते की तिलासुद्धा महिनाभर दुखत होतं, मला दिसलं नाही. रांजण कुणी भरला विचारलं तर म्हणाली, "दुकत दुकत भरला."

१२ ऑगस्ट, रविवार

तुलनेला दुसरं कुटुंब हवं म्हणून धर्मपालच्या घरी गेलो. धर्मपाल गणिताचा मास्तर, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसतो. तोही मूळ मंद्रुपचा. वडील मिलमध्ये लागले म्हणून लहानपणीच शहरात आला. आमच्या दोघांची जन्मतारीख एक जून, साल तेच. त्यात विशेष काही नाही, नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांनाच एक जून लावला. आमच्या स्टाफरूममध्ये सात जण त्या दिवशी जन्मले आहेत. धर्मपाल बौद्ध आहे. मी जात मानत नाही. त्याच्या घरी चहा घेतो आणि ते चारचौघांत सांगतोही.

तोही माझ्यासारखाच वाकडा आहे. उजवा घोटा, डावं मनगट. आम्ही दोघं व्हरांड्यातून चाललो की मुलं मागे रांग करून तशीच चालतात.

घरी त्याची आई केसरबाई, बहीण मीनाबाई आणि बायको. केसरबाईंचा ताप जाऊन दोन महिने झाले, पण भिंत धरून चालतात. मीनाबाई तशीच. धर्मपालची बायको मात्र तिसऱ्या दिवशी खडखडीत! किती महत्त्वाची गोष्ट आहे ही. घर एक, रांजण एक, डास तेच, भाकरी तीच. जे त्या रक्ताचे ते तिघे वाकडे आणि जी बाहेरून आली ती सरळ. म्हणजे घराचा संबंध नाही, रक्ताचाच आहे. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या दुखण्यावर टाळीच वाजवली. मग माफी मागितली.

केसरबाई सारखं माझ्याकडे बघत होत्या. करडईचं तेल कोमट करून आणलं आणि न विचारता माझा घोटा धरला. "हितंच ठनकतं न्हवं? हाडाच्या मागं?" अगदी तिथेच. अनुभवी बाई. मी म्हणालो, मी असल्या गोष्टी मानत नाही, बिनधास्त पाय धरा. धर्मपालने चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"तुमची आई बरी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ओळखता आईला?"

"एका गावच्या की आमी," म्हणाल्या आणि तेल चोळत राहिल्या. घोट्याला आराम पडला.

२० ऑगस्ट

माझ्या काळ्या ठिपक्याचं कारण खुर्ची असावं. मी आणि धर्मपाल शेजारी बसतो, दोघांच्याही खुर्च्या डावीकडे कलतात. पट्टी घेऊन पाय मोजले. पाऊण इंचाचा फरक. फार आशा वाटली. पण मग केसरबाई आणि मीनाबाई आमच्या स्टाफरूममध्ये कधी बसल्या?

खुर्ची बाद. आता चहाचा विचार करतो आहे.

२७ ऑगस्ट, सोमवार

हेडमास्तर महादेवप्पांनी तक्ता पाहिला. खूश झाले. मग माझ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा एवढा पुसून टाका की. शिक्षणाधिकारी येणार आहेत. सगळं तांबडं असताना मध्येच हे काय माशी बसल्यागत."

मी ताडकन म्हणालो, "सर, शास्त्रात खोटेपणा नाही. ठिपका राहील."

धर्मपाल पेपर तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "पुसू नकोस, सरकव. आमच्या घरच्या तक्त्यात टाक. दोन्ही तक्ते स्वच्छ होतात."

सगळी स्टाफरूम हसली. हेडमास्तर इतके हसले की त्यांचा गुडघा धरला. धर्मपाल हसला नाही, पण तो विनोद नेहमी तसाच करतो. मला काही त्याचं वाईट वाटलं नाही, कारण मी जात मानत नाही.

रात्री जेवताना ही गंमत आईला सांगितली. तिने भाकरी मोडली, ती तशीच हातात राहिली.

२९ ऑगस्ट

आई दोन दिवस जेवली नाही. ताप नाही, पोट ठीक आहे, विचारलं तर भिंतीकडे तोंड करते. सौ. म्हणाली, "तुमच्या त्या कागदात काहीतरी आहे." कागदात ठिपक्यांशिवाय काही नाही.

१ सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा करून दुपारी आलो तर आई ओसरीवर बसलेली. सौ. मुलींना घेऊन शेजारी गेली होती, आईनेच पाठवलं असावं.

"तुजा त्यो कागूद आन हितं."

आणला.

"ह्यात काळा ठिपका कुनाचा?"

"माझा. आणि हा धाकटीचा."

"आन् त्या घरात काळं कोन कोन?"

"केसरबाई, धर्मपाल, मीनाबाई."

"मग येवडी पुस्तकं कशाला वाचलीस रं? डोळ्याला दिसत न्हाय व्हय तुज्या?"

मला खरंच दिसत नव्हतं. मग तिने सांगितलं. तिच्या शब्दांत लिहितो, माझ्या शब्दांत जमणार नाही.

"चवथं लेकरू झालं तवा केसरला परसात बलवलं, विकायची रीत कराय. तिला आठ दिस झालं हुतं बाळंत हून. जुळं झालं हुतं, दोन्ही पोरगं. दोगांस्नी टोपलीत घालून आली बिचारी. माजं लेकरू तिच्या मांडीवर ठिवलं. आता ती कोंडा घेनार आन् परत देनार, येवडंच. पर ते तितंच थंड झालं, तिच्या मांडीवर. मी बी रडले, ती बी रडली. मग तिनं टोपलीतलं एक उचललं आन् माज्या सुपात ठिवलं. म्हनली, दोगांस्नी पुरंल येवडं दूद मला न्हाय, तुला हाय. एक तरी पोटभर पिऊ दे."

मग वडिलांबद्दल विचारलं, "आबांना ठाऊक होतं?"

"मग कोंडा कुनी मापून दिला?"

शेवटी म्हणाली, "आता तिकडं जानार व्हय रं तू?" आणि माझ्याकडे बघितलंच नाही. मी म्हणालो, कुठे जाणार, मला धड उठता येत नाही. ती हसली नाही. मला रडू आलं.

२ सप्टेंबर

ही वही कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. आईने सांगितल्यावर सगळ्यात आधी माझ्या मनात काय आलं? की तक्ता जुळला! एकही अपवाद उरला नाही. सिद्धांत पक्का, फक्त माझं घर चुकलं होतं.

दुसरं मनात आलं ते, लोक काय म्हणतील. स्टाफरूम, मंद्रूप, सौ.चं माहेर. मग वही चाळली. मी जात मानत नाही असं किंवा त्या अर्थाचं तीनदा लिहिलं आहे. जो मानत नाही त्याला इतक्यांदा लिहावं का लागतं? फार लाज वाटली.

आईचा विचार तिसरा आला. तो पहिला यायला हवा होता.

५ सप्टेंबर

धर्मपालला शाळेमागच्या लिंबाखाली गाठलं. "तुला माहीत होतं?"

"दहा वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तू आमच्या घरचा चहा एवढा उपकार केल्यासारखा पीत होतास. तुला म्हटलं असतं की अरे, हे तुझंच घर आहे, तर चहा घशात अडकला असता." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि आईने शब्द दिला होता. तुझ्या आईला."

भाऊ म्हणून मिठी मारावी असं वाटलं. पुढे झालो, पण दोघांचीही डावी मनगटं दुखावली आणि दोघेही ओरडलो. आठवी ब खिडकीतून बघत होती.

९ सप्टेंबर

सौ.ला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मी धरून चाललो होतो की आता रडणार किंवा माहेरी निघणार. ती म्हणाली, "म्हणजे धाकटीचं वाकडेपण माझ्या माहेरचं नव्हे."

"नाही."

"दोन महिने तुम्ही माझ्या आईला, आजीला, पणजीला नावं ठेवलीत."

माफी मागितली. नीट, उभं राहून, जमेल तितकं वाकून.

१६ सप्टेंबर, रविवार

केसरबाईंकडे गेलो. काय हाक मारायची ते वाटभर ठरवत होतो, ठरलं नाही. त्यांनीच सोडवलं. म्हणाल्या, "बस मास्तरा. पाय पुढं कर."

तेल चोळताना त्यांनी एकदाच विचारलं, "पोटभर मिळालं न्हवं रं तितं?"

मी हो म्हणालो. खूप मिळालं म्हणालो. त्यांनी डोळे पुसले आणि दुसरा पाय मागितला. दुसरा दुखत नाही म्हटलं तर म्हणाल्या, "असू दे."

चहा घेतला. याबद्दल कुणाला सांगणार नाही.

३० सप्टेंबर, रविवार

आज प्रदर्शन झालं. तक्त्यावरून मी सगळी नावं काढून टाकली आहेत. आईला शब्द दिला होता की गावात बोभाटा होणार नाही, आणि खोटा ठिपका लावणार नाही हा शब्द मी स्वतःला दिला होता. म्हणून नुसतं 'कुटुंब अ' आणि 'कुटुंब ब'. डावीकडे अ, सगळे तांबडे. उजवीकडे ब, सगळे काळे, बाहेरून आलेली सून आणि सौ.वर गेलेली थोरली सोडून. माझा ठिपका ब मध्ये, धर्मपालच्या शेजारी, त्याखाली धाकटीचा.

महादेवप्पा म्हणाले, "बघा, माझं ऐकलंत. गेला की नाही तो डाग!"

धर्मपाल केसरबाईंना घेऊन आला. सौ. आईला घेऊन आली. दोघी तक्त्यासमोर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षांनी भेटत होत्या. केसरबाईंचा तोल जात होता म्हणून आईने त्यांना दंडाला धरलं, एवढंच.

मग आईने विचारलं, "ह्यात तू कंचा?"

मी उजवीकडे बोट ठेवलं.

"आन् मी?"

मी डावीकडे दाखवलं. मध्ये दीड हात कोरा कागद. आई त्या कागदाकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "लई लांब हाय की रं."

मला राहवलं नाही. खिशातली तांबडी पेन्सिल काढली आणि तिच्या ठिपक्यापासून माझ्या ठिपक्यापर्यंत सरळ रेघ ओढली, सगळा कोरा कागद ओलांडून. मनगट ठणकलं, पण रेघ हलली नाही. मागे वळलो तर शिक्षणाधिकारी उभे. शेजारी महादेवप्पा, पांढरेफटक.

"ही रेघ कसली, मास्तर?" साहेबांनी चष्मा सारखा केला. "नवीन शोध दिसतोय."

"दूध, साहेब."

"दूध? म्हणजे हा ताप दुधातून येतो म्हणता?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "ताप सोडून बाकी सगळं येतं."